सिग्नलला गाडी थांबली की एसी कोमट होतो : गॅरेजला जाण्याआधी घरी काय तपासावे?

मुलुंडकरीण

नमस्कार मंडळी. आमच्याकडे नऊ वर्षे जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे. मी रोज मुलुंडहून पूर्व द्रुतगती मार्गाने विक्रोळी आणि तिथून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने सीप्झला जाते. हायवेवर गाडी धावत असते तोवर एसी उत्तम चालतो. पवईच्या सिग्नलला अडकले, की दोन-तीन मिनिटांत झरोक्यांतून कोमट हवा येऊ लागते आणि गाडी पुन्हा वेगात आली की आपोआप थंडावा परततो. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये जवळच्या गॅरेजने "गॅस कमी झाला आहे" म्हणून गॅस भरला. या एप्रिलमध्येही तेच सांगून पुन्हा भरला. दोन्ही वेळा पैसे गेले, फरक मात्र पडला नाही. आता तिसऱ्यांदा तिथे जाण्याची इच्छा नाही.

सासूबाईंना दम्याचा त्रास आहे आणि त्यांना आठवड्यातून दोनदा परळला न्यावे लागते. मे महिन्याच्या दुपारी सायनच्या कोंडीत त्यांची घुसमट होते, ती मला बघवत नाही. माझ्याकडे एक स्क्रू ड्रायव्हर, एक टॉर्च आणि रविवारची सकाळ एवढेच भांडवल आहे. एवढ्यावर मी स्वतः काय काय तपासू शकते?

जुना_फिटर

ताई, मी बावीस वर्षे गाड्यांच्या एसीचे काम केले, आता निवृत्त आहे. तुम्ही लक्षण अगदी नेमके लिहिले आहे आणि निम्मे निदान त्यातच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये आतली उष्णता उचलतो आणि बंपरमागे, रेडिएटरच्या पुढे असलेल्या कंडेन्सरमध्ये ती बाहेर टाकतो. गॅस खरोखर फार कमी असता, तर हायवेवरही हवा बहुधा पुरेशी गार लागली नसती. तुमचा एसी वेगात थंड होतो आणि थांबल्यावर मंदावतो, याचा अर्थ कंडेन्सरला वारा मिळाला की यंत्रणा काम करते, वारा थांबला की उष्णता बाहेर जायची थांबते. गाडी उभी असताना तो वारा देण्याचे काम पुढच्या पंख्याचे, म्हणजे रेडिएटर फॅनचे आहे.

तेव्हा तपासणी पंख्यापासून सुरू करा. गाडी मोकळ्यावर उभी करा. बेसमेंटमध्ये किंवा बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून हे काम कधीही करू नये, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला ठेवा, बोनेट उघडा आणि कोणाला तरी आत बसवून एसी पूर्ण थंडवर, ब्लोअर चारवर ठेवायला सांगा. गॅस दाबून फिरवणाऱ्या कॉम्प्रेसरला इंजिनाशी जोडणारा मॅग्नेट लागल्याचा "टक्" असा आवाज येईल, इंजिनाची घरघर किंचित बदलेल आणि पंखा लगेच किंवा थोड्या वेळाने फिरू लागेल. ओढणी, मोकळे केस, बाह्या आणि बांगड्या पंख्यापासून लांब असू द्या. इंजिन बंद असले तरी काही गाड्यांत पंखा अचानक सुरू होतो, म्हणून त्याच्या पात्यांत कोणत्याही कारणाने हात घालू नका.

दादरपूर्व

माझ्या गाडीत हेच लक्षण होते आणि पंख्याचा रिले, म्हणजे त्याची वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच, गेला होता. बोनेटखालच्या फ्यूजच्या डबीच्या झाकणावर नकाशा छापलेला असतो. त्यात पाहून, त्याच क्रमांकाचा हॉर्नचा रिले काढून पंख्याच्या जागी लावला. पंखा फिरला, तेव्हा निदान पक्के झाले. फ्यूज उडालेला असेल तर त्याच अँपिअरचा लावावा. मोठा लावल्यास फ्यूज वाचतो आणि वायर जळते.

खाडीकाठ

जुना_फिटर यांच्याशी थोडा मतभेद नोंदवतो. "गॅस संपत नाही" हे तत्त्वतः बरोबर असले, तरी रबरी होजमधून आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्ट सीलमधून तो वर्षानुवर्षे अगदी थोडा थोडा झिरपतोच. शिवाय आम्ही वर्सोव्याला राहतो. खाऱ्या हवेने माझ्या पहिल्या गाडीच्या कंडेन्सरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या इतक्या खाल्ल्या होत्या, की बोट लावले की भुगा पडे. अशा गाडीत गॅस खरोखरच जातो. त्यामुळे सरसकट गॅरेजवाल्यांना दोष देणे मला पटत नाही. आजकाल ऑनलाइन गेज जोडलेला लहान डबाही मिळतो. त्याने दाब पाहून घरीच थोडा गॅस भरता येतो, असे वाचले आहे. कोणी वापरला आहे का?

जुना_फिटर

खाडीकाठ, झिरपण्याबद्दल तुमचे म्हणणे मान्य आहे. आठ-दहा वर्षांत एकदा गॅसची भरपाई करावी लागली तर मी त्याला दोष म्हणणार नाही, पण दर एप्रिलला भरावा लागत असेल तर गळती आहे. ती शोधल्याशिवाय गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. गॅसबरोबर तेलही बाहेर येते, म्हणून गळतीच्या जागी धूळ चिकटून काळसर, तेलकट डाग दिसतो. घरी टॉर्च घेऊन होजच्या टोकाशी, जोडांवर, कंडेन्सरच्या जाळीवर आणि गॅस भरण्याच्या तोंडाच्या (सर्व्हिस व्हॉल्व्हच्या) टोपणाखाली असा डाग शोधता येतो. कॉइलची गळती डॅशबोर्डच्या आत असते, ती घरी दिसत नाही.

त्या डब्याबद्दल मात्र मी ठामपणे नको म्हणेन. गाडी बंद असताना गेजवरचा दाब गॅस किती आहे हे सांगतच नाही. तुमच्यासारख्या गाड्यांतला आर-१३४ए गॅस नळीत थोडा जरी द्रवरूपात शिल्लक असला, तरी ३० अंश तापमानाला दाब साधारण ९५ ते १०० पीएसआय (दाबाचे एकक) दाखवतो, मग आत दोनशे ग्रॅम असो वा चारशे. चालू एसीत फक्त कमी दाबाची बाजू पाहून भरणारा माणूस अंदाजानेच भरतो. हा गॅस उघड्या हवेत उणे २६ अंशांना उकळतो. त्याचा द्रव हातावर पडला तर कातडी गोठते, डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ नावाचा वेगळा गॅस असतो आणि तो थोडा ज्वलनशील आहे. बोनेटखालच्या स्टिकरवर कोणता गॅस आणि किती ग्रॅम हे छापलेले असते, ते वाचून वहीत टिपून ठेवणे एवढेच काम घरी करावे. नळ्यांच्या आतले काम यंत्र असलेल्या माणसाकडेच जायला हवे.

विजेवरची

इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाडीच्या मालकांसाठी एक ओळ लिहिते. तिथे एसीचा कॉम्प्रेसर मोठ्या व्होल्टेजवर चालतो आणि त्याच्या वायरी नारिंगी असतात. त्यांना हात लावायचा नाही, आणि साध्या गाडीच्या कॉम्प्रेसरचे पॅग नावाचे तेल त्यात कोणालाही भरू द्यायचे नाही, कारण ते विजेला पुरेसे रोधक नसते.

मुलुंडकरीण

सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी सोसायटीच्या गेटजवळ मोकळ्यावर गाडी उभी केली, मुलाला आत बसवले आणि सांगितल्याप्रमाणे सर्व पाहिले. मॅग्नेटचा टक् आवाज आला. पंखाही लगेच फिरू लागला आणि चांगल्या जोरात फिरतो. त्याची मोटर गेल्या वर्षी जाम झाली होती, तेव्हा त्याच गॅरेजमध्ये नवी बसवून घेतली होती. म्हणजे पंख्याचा प्रश्न नाही असे दिसते. होजवर किंवा जोडांवर कुठेही तेलकट डाग दिसला नाही. स्टिकरवर आर-१३४ए आणि ४०० ग्रॅम लिहिले आहे. आता पुढे कुठे पाहू?

पावसाळी_छत्री

ताई, तोवर ग्लोव्ह बॉक्समागची केबिन फिल्टरची जाळी पाहून घ्या. सिग्नलच्या त्रासाचे ते कारण नसेलही, पण सासूबाईंना दमा आहे म्हणून ती आधी पाहायला हवी. बऱ्याच गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या दोन्ही कडा आत दाबल्या की तो खाली लोंबतो आणि मागे एक आडवे झाकण दिसते. ते काढून फिल्टर ओढायचा. काही स्वस्त मॉडेलमध्ये कंपनीने जागा ठेवलेली असते, पण फिल्टर दिलेलाच नसतो. नवा फिल्टर बसवताना त्याच्यावरचा बाण हवेच्या दिशेने ठेवावा.

माझा अनुभव सविस्तर सांगते, कारण मुंबईत हा अनेकांना येत असेल. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आमच्या गाडीतून कुजट वास येऊ लागला आणि ब्लोअर चारवर ठेवला तरी वारा नावापुरताच यायचा. फिल्टर ओढला तर त्याच्यावर वर्तमानपत्राचे कपटे, सोफ्यातला फोम, सुपारीची टरफले आणि उंदराच्या लेंड्या यांचा चांगला पसाभर ढीग होता. खालच्या मजल्यावरच्या पार्किंगमध्ये गाडी चार दिवस जागची हलली नव्हती, तेवढ्यात काचेखालच्या जाळीतून उंदराने आत येऊन घर केले होते. पावसाळ्यात उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस या तापाचा धोका असतो, त्यामुळे हातमोजे आणि मास्क घालूनच हे काम करावे. कोरडे झटकू नये. जंतुनाशक फवारून, ओल्या कागदाने उचलून पिशवीत बांधावे. त्यानंतर मी वरच्या जाळीला आतून बारीक स्टीलची जाळी लावून घेतली आणि गाडी एक दिवसाआड तरी फिरवते.

शेवगा

फिल्टरच्या निमित्ताने विचारतो. माझ्या गाडीत ब्लोअर फक्त चारवर चालतो. एक, दोन, तीनवर अजिबात फिरत नाही. मोटर बदलायला सांगितले आहे. बदलू का?

दादरपूर्व

थांबा, मोटर बदलू नका. चारवर चालते म्हणजे मोटर शाबूत आहे. कमी वेगांसाठी वीज एका रेझिस्टरमधून जाते आणि चारवर ती त्याला वगळून थेट मोटरला मिळते. तो रेझिस्टर जळला, की नेमके हेच होते. बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या खाली हवेच्या डक्टमध्ये दोन स्क्रूंवर बसवलेला असतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना नमुना दाखवून मिळतो. लावण्यापूर्वी वायरी जोडणारा प्लास्टिकचा कपलर वितळलेला नाही ना, एवढे पाहा. वितळला असेल तर मोटर जड फिरत असण्याची शक्यता आहे आणि नवा रेझिस्टरही टिकणार नाही.

शेवगा

आभारी आहे. आज स्क्रू काढून पाहिला. रेझिस्टरची तार तुटलेली स्पष्ट दिसते आहे आणि कपलर चांगला आहे. आणखी एक शंका आहे. पुढच्या डाव्या सीटच्या पायाखालचा गालिचा ओला राहतो. हीटरची कॉइल फुटली असेल, अशी भीती वाटते.

जुना_फिटर

शेवगा, त्या पाण्यात पांढरा टिश्यू पेपर बुडवून पाहा. पाणी स्वच्छ, बिनवासाचे आणि बोटांना साधे लागत असेल तर ते कूलिंग कॉइलवरचे दव आहे आणि ते बाहेर टाकणारी नळी चोंदली आहे. एसी चालवून गाडी उभी केल्यावर खाली पाण्याचे थारोळे पडत नसेल, तर शंकाच नको. ही नळी इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून खाली निघते. तिच्यात मऊ प्लास्टिकची तार हळू सरकवली तर पाण्याबरोबर कचरा खाली येतो. हवेच्या जोरदार दाबाने फुंकू नये, नळी आतून सुटते.

टिश्यूला हिरवा किंवा लाल रंग लागला, बोटांना चिकटपणा आणि गोडसर वास जाणवला, आणि काचेवर आतून तेलकट धुके धरत असेल, तर तो कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव आहे. मग हीटरची कॉइल गळते आहे. त्या स्थितीत गाडी फार चालवू नका, कुलंट कमी होऊन इंजिन तापेल.

घाटवाटा

हीटरचा विषय निघालाच आहे म्हणून माझाही प्रश्न. मुंबईत हीटर कोणी लावत नाही, पण जानेवारीत आम्ही महाबळेश्वरला गेलो तेव्हा हीटर पूर्ण गरमवर ठेवूनही थंड हवा येत राहिली. बरोबर दीड वर्षाची मुलगी होती. रात्री उतरताना काचेवर आतून वाफ धरली आणि समोरचे वळण दिसेना, तेव्हा हीटर ही चैनीची वस्तू नाही हे मला कळले. गाडीला मागाहून सीएनजी किट बसवले आहे.

जुना_फिटर

सीएनजीचा उल्लेख केलात हे फार बरे झाले. हीटरला वेगळे इंधन लागत नाही. इंजिनातून तापलेला कुलंट दोन होज पाइपांतून डॅशबोर्डमागच्या छोट्या कॉइलमध्ये जातो आणि परत येतो. सीएनजीचा दाब उतरवणाऱ्या रेड्यूसरलाही ऊब लागते, कारण दाब उतरताना गॅस अतिशय थंड होतो. किट बसवताना त्या रेड्यूसरला गरम कुलंट देण्यासाठी अनेकदा हीटरच्याच होजला टी (इंग्रजी T आकाराचा जोड) जोडतात. त्या कामात कुलंटमध्ये हवा अडकून राहिली किंवा पातळी उतरली, तर सर्वांत आधी हीटर थंड पडतो. मुंबईत तो कोणी वापरत नसल्यामुळे ही गोष्ट लक्षात येत नाही.

इंजिन पूर्ण थंड असताना टाकीतली पातळी पाहा. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका, दाबाखालचा कुलंट तोंडावर उडतो. पातळी ठीक असेल तर पंधरा मिनिटे गाडी चालवून आणा, हीटर गरमवर ठेवा, इंजिन बंद करा आणि दोन्ही हीटर होजना जाड फडक्यातून हात लावा. दोन्ही सारखेच गरम असतील तर कुलंट पोहोचतो आहे आणि दोष डॅशबोर्डमधल्या, गरम-थंड हवा वळवणाऱ्या झडपेत किंवा तिच्या केबलमध्ये आहे. एक गरम आणि एक गार असेल तर कॉइल चोंदली आहे, वाटेतला कॉक बंद आहे किंवा हवा अडकली आहे. दोन्ही कोमट असतील तर कुलंटची वाट उघडझाप करणारा थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असू शकतो, म्हणजे इंजिनच नीट तापत नाही.

त्या झडपेची उलट बाजूही ध्यानात ठेवा. ती थंडवर पूर्ण बंद झाली नाही, तर उन्हाळ्यात एसीच्या हवेत हीटरची हवा मिसळत राहते आणि सगळे गॅसला दोष देतात. तापमानाची कळ फिरवताना डॅशबोर्डमधून टकटक असा आवाज येत असेल, तर झडप फिरवणाऱ्या लहान मोटरचे दात तुटले आहेत असे समजावे.

घाटवाटा

टाकीत कुलंट तळाला गेलेला आहे. आता आधी गळती कुठे आहे ते शोधतो.

खाडीकाठ

मूळ प्रश्नाकडे वळतो. मुलुंडकरीण ताईंचा पंखा चालतो आहे आणि गळतीचा डाग नाही. मग मला कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत साचलेल्या कचऱ्याची शंका येते. बंपरच्या जाळीतून कंडेन्सर स्वच्छ दिसतो, पण मागच्या फटीत पाने, पिसे आणि मेट्रोच्या कामांची सिमेंटसारखी धूळ यांचा नमदा बनलेला असतो. साध्या नळाच्या पाण्याने, इंजिन थंड असताना, मागून पुढे धुवावे. प्रेशर वॉशर जवळून मारू नये, पट्ट्या झोपतात आणि वाट कायमची बंद होते.

शिवाय एसी रिसर्क्युलेशनवर, म्हणजे आतलीच हवा पुन्हा फिरवण्यावर आहे ना, हेही पाहा. मुंबईच्या दमट हवेतली एक किलो वाफ कॉइलवर पाणी होते, तेव्हा सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता एसीला उचलावी लागते. एक किलो हवा दहा अंशांनी थंड करायला मात्र जेमतेम दहा किलोज्यूल लागतात. बाहेरची हवा घेत राहिल्यास एसीची बहुतेक ताकद वाफेचे पाणी करण्यातच जाते.

मुलुंडकरीण

फट टॉर्चने पाहिली. थोडी धूळ होती, ती धुतली. रिसर्क्युलेशन नेहमी चालूच असते. काल संध्याकाळी पवईला पुन्हा तेच झाले. फिल्टर मात्र पावसाळी_छत्री यांच्यामुळे बदलला गेला, तो राखेच्या रंगाचा झाला होता.

जुना_फिटर

ताई, तुमचा पहिला प्रतिसाद आज पुन्हा वाचला आणि एका वाक्यावर अडखळलो. मोटर गेल्या वर्षी नवी बसवली, असे तुम्ही लिहिले आहे. पंखा फिरतो हे आपण पाहिले, पण तो कोणत्या दिशेने फिरतो हे पाहिले नाही, आणि तुम्हाला तसे विचारायचे मला सुचले नाही, ही माझी चूक.

आता एवढे करा. वर्तमानपत्राचे एक पान घ्या. एसी लावून पंखा सुरू झाला, की गाडीच्या पुढे बाजूला उभे राहून ते पान बंपरच्या जाळीसमोर, दोन्ही कोपरे घट्ट धरून, विताएवढ्या अंतरावर आणा. पंखा रेडिएटरच्या मागे असतो आणि त्याने हवा पुढून आत ओढायची असते, म्हणून पान जाळीला जाऊन चिकटले पाहिजे. ते तुमच्याकडे फुगले, तर काय समजायचे ते मी नंतर लिहितो.

मुलुंडकरीण

पान माझ्याकडे फुगले! मी तीन वेळा करून पाहिले. पहिल्या वेळी वाऱ्यामुळे असेल असे वाटले, म्हणून गाडी भिंतीच्या आडोशाला घेतली. पंखा बंद असताना पान सरळ लोंबत होते आणि पंखा लागताच ते शिडासारखे बाहेर फुगले. हाताला लागलेली हवा चक्क भट्टीसारखी गरम होती. मुलाने त्याच्या फोनवर त्याचे चित्रण केले आहे.

जुना_फिटर

तर मग सापडले. नवी मोटर बसवताना तिच्या दोन वायरी उलट जोडल्या गेल्या आहेत. ही साधी दोन वायरींची मोटर असते. प्लस-मायनस बदलले की ती तितक्याच जोमाने उलटी फिरते. कपलर जुळत नसला, की वायरी कापून पीळ देऊन जोडतात, तिथेच ही चूक होते.

आता तुमची सगळी लक्षणे कशी जुळतात ते पाहा. उलटा पंखा इंजिनाकडची तापलेली हवा ओढतो, ती आधी रेडिएटरमधून नेतो आणि आणखी तापवून कंडेन्सरवर टाकतो. इंजिनाचा कुलंट नव्वद अंशांच्या पुढे असतो, त्यामुळे ती गरम हवाही त्याला कशीबशी पुरते आणि इंजिन उकळत नाही. कंडेन्सरमधला गॅस मात्र साधारण ५५ ते ६० अंशांना द्रव व्हायचा असतो. त्याच्यावर तेवढीच गरम हवा आली, तर तो उष्णता टाकणार कुठे? दाब चढत जातो, प्रेशर स्विच मॅग्नेट सोडतो, कॉम्प्रेसर थांबतो आणि झरोक्यातून कोमट हवा येते. हायवेवर समोरचा वारा पंख्यावर मात करतो, म्हणून तिथे सारे सुरळीत वाटते.

वायरी सरळ करणे हे पाच मिनिटांचे काम आहे, पण ते वायरमनकडून योग्य कपलर लावून करून घ्या. नुसती टेप गुंडाळलेला जोड पावसाळ्यात गंजेल. आणि दुसरे, तितकेच महत्त्वाचे म्हणजे गॅसचे वजन करून घ्या. गॅस कमी नसताना दोनदा वरून भरला गेला आहे, तो नक्कीच जास्त झाला असणार. जास्त गॅसनेही कंडेन्सरमधला दाब चढतो आणि थांबलेल्या गाडीत एसी कोमट होतो. आतला सगळा गॅस काढून घेणारे, व्हॅक्यूम करून वजनावर भरणारे यंत्र ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडेच जा.

दादरपूर्व

फिटर काका, दंडवत. मी वर्षभर रिलेच बदलत बसलो असतो.

पावसाळी_छत्री

वर्तमानपत्राची ही परीक्षा मी आजच करून पाहिली. आमचे पान जाळीला चिकटले आणि जिवात जीव आला.

मुलुंडकरीण

आठवड्यानंतर सविस्तर लिहीत आहे. भांडुपच्या एका वायरमनने शनिवारी वायरी सरळ केल्या. जोड खरोखरच पिळलेला होता आणि टेपच्या आत तांबे हिरवे पडले होते. त्याने ते कापून नवा कपलर बसवला. लगेच पान लावून पाहिले, ते जाळीला असे चिकटले की ओढून काढावे लागले.

त्यानंतर यंत्र असलेल्या एसीवाल्याकडे गेले. त्याने माझ्यासमोर गॅस काढून घेतला. यंत्रावर ५४० ग्रॅम आकडा आला, म्हणजे स्टिकरपेक्षा १४० ग्रॅम जास्त! चाळीस मिनिटे व्हॅक्यूम लावून, सुई जागची हलत नाही हे मला दाखवून, त्याने ४०० ग्रॅम भरला आणि बाहेर आलेले तेल मोजून तेवढेच परत घातले.

काल सासूबाईंना घेऊन परळला गेले. स्वयंपाकघरातला तापमापक मधल्या झरोक्यात अडकवला होता. हायवेवर ७ अंश होते. सायनला बावीस मिनिटे अडकलो, तिथे आकडा चढून १० वर थांबला आणि पुढे हललाच नाही. सासूबाई वाटेत चक्क झोपल्या. त्या गॅरेजमध्येही मी जाऊन आले आणि चित्रण दाखवले. मालकांनी ते शांतपणे पाहिले आणि मोटर बसवणाऱ्या मुलाला बोलावून त्यालाही दाखवले. पुढच्या गिऱ्हाइकाचे तरी नुकसान टळावे, एवढाच माझा हेतू होता.

आता जून तोंडावर आला आहे, म्हणून एक शेवटचा प्रश्न. गेल्या पावसाळ्यात काचेवर धुके धरायचे आणि एसी काचेवर सोडला की ते वाढायचे. हाही काही बिघाड आहे का?

जुना_फिटर

बिघाड नाही. वायपर फिरवून पाहा. वायपरने पुसले गेले तर धुके काचेच्या बाहेर आहे. एसीने काच गार झाली आणि बाहेरची दमट हवा तिच्यावर पाणी धरू लागली, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा हवा काचेवरून पायांकडे वळवा आणि तापमान थोडे वाढवा. वायपरने गेले नाही तर धुके आतले आहे. मग रिसर्क्युलेशन बंद करा, एसी चालूच ठेवा, तापमानाची कळ गरमकडे न्या आणि हवा काचेवर सोडा. कूलिंग कॉइल हवेतली वाफ काढून घेते आणि हीटर तीच कोरडी हवा तापवून काचेवर टाकतो. हीटर मुंबईतही उपयोगी पडतो, तो असा.

घाटवाटा

माझ्या गाडीची गळती सापडली. सीएनजीच्या टी-जोडाची क्लिप सैल होती. क्लिप बदलली, कुलंट भरला, हवा काढली. आता दोन्ही होज सारखेच गरम लागतात.